बाबांच्या दमणीवरच्या प्लेटा

माझा धाकटा भाऊ मला लहानपणापासून खुपतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणाला मी सज्जन वाटायला नको. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, रंगानं उजळ, आणि त्यानं काहीही केलं तरी त्याच्यावर रागावणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. मी देवळीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. लोक विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी आणतात, मी आतली जळकी तार काढतो, नवी तांब्याची भरतो, वॉर्निश पाजतो, आणि मोटार पुन्हा पाणी फेकायला लागते. सव्वीस वर्षं झाली याला. आजूबाजूच्या कितीतरी विहिरी माझ्या हातच्या मोटारींवर चालतात. पण बाबांनी कधी चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवला असेल तर शपथ.

भाऊ पुण्याला कंपनीत होता. संगणकावर बसून नेमकं काय करायचा ते त्यानं मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली. तीन वर्षांपूर्वी ते सगळं सोडून तो बायकोला घेऊन आमच्या वावरात राहायला आला. वावर देवळीपासून सहा-सात किलोमीटर, नाल्याच्या पलीकडं. विजेचा शेवटचा खांब नाल्याच्या अलीकडंच संपतो. तिथं यानं आंब्याच्या झाडांखाली मातीचं घर बांधलं, कौलं चढवली, भाजी लावली, एक बैलजोडी अन् एक गाय बांधली, आणि कंदिलावर राहू लागला. मी असा वावरात जाऊन राहिलो असतो तर लोक म्हणाले असते, याचं दुकान बुडालं. तो राहिला तर लोक गाड्या करून बघायला आले. त्याच्या चुलीवरच्या भाकरीचे फोटो काढले. आमच्या घरी आई असेपर्यंत चुलीवरच भाकरी होत होती, तिचा फोटो काढायला कोणी आलं नाही.

तेही मी गिळलं असतं. पण बाबा तिकडं राहायला गेले.

आई वारल्यावर बाबा माझ्याकडं देवळीला होते. त्यांना वेगळी खोली होती, खिडकीत कूलर, भिंतीला टीव्ही, लाईन गेली तर इन्व्हर्टर. ते 'चार दिवस वावरात राहून येतो' म्हणून गेले, आणि दोन वर्षं झाली तरी त्यांचे चार दिवस संपेनात. मी आणायला गेलो की म्हणत, "इथं झोप लागते रे." म्हणजे माझ्याकडं लागत नव्हती! माझी बायको म्हणायची, "राहू द्या नं. त्यांचा जीव तिथं रमते, तुम्ही काऊन तोंड फुगवून बसता?" तिला काय सांगणार? त्यांची खाट मी रोज झाडत होतो, आणि रोज ती तशीच रिकामी राहत होती.

मग बाबांची छाती बिघडली. मागच्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या दम इतका लागला, की सावंगीला दवाखान्यात भरती करावं लागलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, की आता वाफेची मशीन घ्या. मशीनमध्ये औषध घालायचं, तोंडाला मास्क लावायचा, सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं ओढायचं. थंडीत एकही वेळ चुकवायची नाही.

खरं सांगतो, मला आतून उकळ्या फुटल्या. मशीन विजेवर चालते आणि वावरात वीज नाही. म्हणजे म्हातारा आला घरी. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर मी भावाला म्हणालो, "ऐकलं नं? आता बाबा माझ्याकडे राहतीन."

भावानं शेजारी टेकलेल्या बाबांची शाल सारखी केली. मग म्हणाला, "दादा, मले एक महिना दे. मी लाईट बनवतो."

लाईट बनवतो! जसे काही पोहेच बनवायचे आहेत. मला हसू आलं, पण बाबा मध्येच बोलले. "द्या त्याले महिना." म्हणून मी अट घातली. महिनाभर बाबा माझ्याकडं राहतील. महिन्यात वावरात वीज आली तर खुशाल जावं. पण त्यानंतर मशीन एकदा जरी बंद पडली, तर बाबा कायमचे देवळीला, पुन्हा विषय काढायचा नाही. भाऊ हो म्हणाला. बाबांनी मान हलवली. मी मनातल्या मनात त्यांची खोली रंगवायला घेतली.

आता गंमत बघा. बाबा माझ्या घरी आले ते नुसते झोपायला. सकाळी मशीन ओढली, चहा प्यायले, की टोपी घालून दारात उभे. "चाल, वावरात सोडून दे. पाहू दे त्याचं कुठवर आलं तं." आणि मी, सव्वीस वर्षं काम केलेला कारागीर, दुकानाला कुलूप घालून बापाला गाडीवर बसवून, भाऊ कसं काम करतो ते दाखवायला रोज नेत होतो. नाला चप्पल हातात घेऊन पार करत होतो. संध्याकाळी पुन्हा आणायला जात होतो.

भावाचं डोकं चालतं, हे नाकारून उपयोग नाही. घर आंब्याखाली, म्हणजे दिवसभर सावली. सोलरच्या प्लेटा कौलांवर टाकून काही हाशील नव्हतं. ऊन होतं विहिरीवर, पण विहिरीवरची वस्तू सकाळपर्यंत जाग्यावर राहील याची आमच्याकडं कोणी खात्री देत नाही. केबलसुद्धा लोक कापून नेतात. म्हणून त्यानं ठरवलं, की प्लेटा चाकांवरच ठेवायच्या. दिवसा गाडी विहिरीवर उभी करायची, तिथं ती छोटा पंप चालवेल आणि बॅटऱ्या भरेल. सूर्य कलला की बैल जुंपून गाडी घराशी आणायची, तिथं दिवे आणि बाबांची मशीन. हे सगळं तो मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकत होता. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला एक दाढीवाला माणूस इंग्रजीत बडबडत गाडी बनवायचा, आणि आमचा भाऊ ओट्यावर बसून वहीत उतरवून घ्यायचा. सख्खा भाऊ समोर बसलाय, ज्यानं आयुष्यभर तारा आणि मोटारींशिवाय काही केलं नाही. त्याला एका शब्दानं विचारावं? नाही. दाढीवाला बरा.

पण मला सगळ्यात लागलं ते दमणीचं. दमणी म्हणजे दोघं-तिघं बसतील एवढी हलकी बैलगाडी. बाबा गाड्या घडवायचे, आणि त्यांची स्वतःची ही दमणी पंचक्रोशीत नावाजलेली होती. पुढं-पुढं त्यांनी ती रबरी टायरवर घेतली, पण तिचं लाकूड तेच, सागाचं, तेल पाजून काळं झालेलं. मी दुकान टाकलं तेव्हा मोटारी वाहून आणायला हातगाडी हवी होती. मी बाबांना म्हणालो होतो, ही नुसती उभीच असते, हिच्यावर करून घेऊ का? त्यांनी वरही पाहिलं नाही. "दमणीले हात लावजो नको," एवढंच म्हणाले. मग कितीतरी वर्षं मी लोकांच्या मोटारी खांद्यावर वाहिल्या. डावा खांदा अजून दुखतो.

आणि एका सकाळी मी बाबांना घेऊन वावरात पोचलो, तर भाऊ म्हणतो, "बाबा, चाकांची गाडी इकत आणावी लागन." आणि बाबा म्हणाले, "कायले इकत आणतं? दमणी हाय नं."

मी जागच्या जागी उभा राहिलो. बाबा गोठ्यात गेले, दमणीवरची बारदानं ओढून काढली, खडू मागितला, आणि स्वतःच्या हातानं कुठं कुठं करवत चालवायची त्याच्या रेघा मारल्या. बाजूच्या नक्षीच्या काठ्या कापल्या गेल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "मले तं हात लावू दिला नव्हता!" बाबा म्हणाले, "तवा गाडी चालत होती. आता उभीच हाय." बस. एवढ्यात मिटलं त्यांच्या लेखी.

त्या महिन्यात मी पाहुण्यासारखा बांधावर बसून सगळं पाहिलं. देवळीच्या वेल्डिंगवाल्याकडून भावानं लोखंडी अँगलची फ्रेम करून आणली. दोन पाय आखूड, दोन लांब, म्हणजे वरच्या प्लेटांना उतार येतो. दमणीच्या सांगाड्यावर चौकोनात चार भोकं पाडून त्यानं फ्रेमचे चार पाय चार बोल्टनी आवळले. प्लेटांचा उतार पुढं, दांडीच्या बाजूला ठेवला. मागं बॅटऱ्यांची पेटी. दाढीवाल्यानं तसंच केलं होतं. मी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. तार बारीक आहे म्हणालो, तर त्यानं दुसऱ्या दिवशी जाड तार आणली आणि बाबांना म्हणाला, "दादानं सांगतलं." असा गोड वागतो तो! भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी गाडी पहिल्यांदा विहिरीवर नेली. भावजयीनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. भावानं मोबाईलवर दिशा पाहिली आणि प्लेटा बरोबर दक्षिणेला येतील अशी गाडी लावली, कारण आपल्याकडं थंडीत सूर्य दक्षिणेच्या अंगानंच फिरतो. बैल सोडले, दांडीखाली टेकू दिला, बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि नळीतून पाण्याची धार वांग्याच्या ओळीत पडली. शेजारच्या वावरातले चार-पाच लोक आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा काठी टेकत पुढं आले आणि त्या सगळ्यांसमोर त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला तो ठेवला, काढलाच नाही.

त्या हाताकडं पाहून माझी जी जळजळ झाली, ती शब्दांत सांगता येत नाही. मी तोंड उघडलं.

"बाबा," मी म्हणालो, "गाडी रोज दक्षिणेले तोंड करून उभी राहीन बरं का."

आमच्याकडं दिव्याची वात दक्षिणेला करत नाहीत, पाय दक्षिणेला करून कोणी झोपत नाही, हे तर आहेच. पण बाबांचं कारण वेगळं होतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आई याच वावरात निंदण करताना पडली. काळ्या मातीत दुसरं कुठलं वाहन शिरत नव्हतं. बाबांनी तिला याच दमणीत टाकून रस्त्यापर्यंत नेलं. रस्ता वावरापासून दक्षिणेला आहे. आई परत आली नाही. त्या दिवसापासून बाबांनी दमणी दक्षिणेला तोंड करून कधी उभी केली नाही. हे सगळं माहीत असून मी बोललो.

बाबांचा हात भावाच्या पाठीवरून खाली आला. ते दांडीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "फिरव."

"बाबा, ऊन तं तिकडूनच..."

"फिरव म्हटलं नं."

भावानं पुन्हा बैल आणले आणि गाडी पूर्वेला तोंड करून लावली. प्लेटाही अर्थात पूर्वेला झाल्या. तो हसून म्हणाला, "राहू द्या बाबा. पूर्वेले तं पूर्वेले. पुढं एक प्लेट अजून लावून घेईन." मोबाईलवरून शिकलेल्यांचं हेच असतं, काही अडलं की अजून एक वस्तू आणतात.

आणि तेव्हाच, लोक पांगत असताना, मी खाली वाकलो आणि मला ते दिसलं. फ्रेमच्या पायांची चार भोकं चौकोनात, चारही सारख्या अंतरावर. चार बोल्ट काढले, दोघांनी फ्रेम उचलली, उलटी फिरवली आणि पुन्हा आवळली, तर उतार मागच्या बाजूला जातो. मग दांडी उत्तरेला आणि प्लेटा दक्षिणेला. बाबांचंही खरं, सूर्याचंही खरं. अर्ध्या तासाचं काम. भावाला ते सुचलं नव्हतं, आणि त्याला न सुचलेली गोष्ट मला सुचावी, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी ती खडीसाखरेसारखी तोंडात धरून ठेवली.

बाबा काठीवर भार देऊन माझ्याकडं पाहत होते. "काय पाहून राह्यला रे?"

"काई नाई. बोल्ट घट्ट हायेत का पाहून राह्यलो."

"मंग? हायेत?"

"हायेत."

ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, आईची आठवण करून दिली म्हणून चिडले असतील.

त्या संध्याकाळी दिवे लागले, मशीन चालली, आणि अटीप्रमाणे बाबा पिशवी घेऊन वावरात राहायला गेले. मी दर रविवारी जायचो. दर वेळी बाबा मला चहा झाल्याबरोबर गाडीपाशी न्यायचे, स्वतः दगडावर बसायचे आणि म्हणायचे, "पाह्य बरं, याच्यात काई सुधरवाचं हाय का. तू जाणता माणूस हायेस." मी म्हणायचो, "मले काय समजते बाबा सोलरमधलं? ते तं मोबाईलवाल्यायचं काम हाय." असं म्हणताना जो आनंद व्हायचा! तीन रविवार मी हेच उत्तर दिलं. तिन्ही रविवारी बाबा 'बरं' म्हणाले आणि काठी टेकत घराकडं वळले.

पूर्वेला तोंड केलेल्या प्लेटांना काय मिळतं? सकाळचं ऊन. दुपारी बारानंतर सूर्य त्यांच्या पाठीशी. बॅटऱ्या कशाबशा भरत होत्या, भाऊ पंप कमी चालवून भागवत होता. मी घरी बसून आभाळाकडं बघायचो. पौष लागला आणि धुई, म्हणजे दाट धुकं, पडायला सुरुवात झाली. आमच्याकडं थंडीत अशी धुई पडते, की दहा-अकरा वाजेपर्यंत तुरीच्या शेंगा दिसत नाहीत. म्हणजे जे काय ऊन प्लेटांना मिळायचं, तेच नेमकं गेलं. लोक धुईला शिव्या घालत होते, तुरीचा फुलोरा गळतो म्हणून. मी मात्र सकाळी उठून खिडकी उघडायचो आणि पांढरं फटक दिसलं की चहा गोड लागायचा.

धुईच्या चौथ्या दिवशी सकाळी सातला भावाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "दादा, मशीन मधातच बंद पडली. बाबाले दम लागला. गाडी घेऊन ये, लवकर ये."

शेजाऱ्याची कार घेतली आणि निघालो. आनंद? त्या वेळी नाही. त्या वेळी धुईत समोरचं काही दिसत नव्हतं आणि मी नुसता हॉर्न दाबत होतो. कार नाल्याच्या अलीकडंच थांबते. मी उतरून पलीकडं पाहत उभा राहिलो. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, मग धुईतून दमणी बाहेर आली. वावरात बाबांना आणायला दुसरी गाडीच नव्हती. भाऊ पुढं बसून बैल हाकत होता, प्लेटांच्या खाली, बॅटऱ्यांच्या पेटीला टेकून, गोधडीत गुंडाळलेले बाबा होते, भावजय त्यांना धरून होती. त्यांच्या छातीचा आवाज मला नाल्याच्या अलीकडं ऐकू आला. आणि दमणीचं तोंड माझ्याकडं होतं. म्हणजे दक्षिणेला.

मी चपलेसकटच नाल्यात उतरलो आणि बैलांचा कासरा धरला. 

देवळीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, त्यांच्याच मशीनवर वाफ दिली. दुपारपर्यंत बाबा बसून बोलू लागले. संध्याकाळी ते माझ्या घरी, माझ्या खाटेवर, माझ्या विजेवर मशीन ओढत होते. भाऊ दारात उभा होता. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "दादा, तू जिंकला. बाबा इथंच बरे. चूक माझी हाय." आणि तो गेला. तेव्हा मात्र मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मी बायकोला शिरा करायला सांगितला.

बाबांनी शिरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ते टीव्हीसमोर बसले, पण टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसले. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, दुसरं काही नाही. ती भिंत ते दिवसभर पाहत होते. चहा दिला की घेत, जेवण दिलं की जेवत. तक्रार एका शब्दाची नाही. मला त्यांचा राग आला. काय कमी आहे इथं? त्या दुपारी मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा न राहवून विचारलंच. "बाबा, मी तुमचं काई वाईट केलं का? त्याचं सगळं गोड, अन् माझं काऊन कडू लागते तुम्हाले?"

ते भिंतीकडंच पाहत म्हणाले, "तुले माईत होतं नं?"

"काय?"

"चार बोल्ट."

मी घास ताटात परत ठेवला.

"गाडीचं तोंड तिकडं नको म्हटलं होतं म्या," बाबा म्हणाले. "प्लेटा तिकडं नको, असं कुठं म्हटलं होतं? फ्रेम उलटी फिरते हे मले त्याच दिवशी दिसलं. जलमभर गाड्याच ठोकल्या नं म्या. तू वाकून पाह्यलं, तवा तुलेही दिसलं. तुया तोंडावर दिसलं मले."

"मंग तुम्ही त्याले काऊन नाई सांगतलं?"

दमामुळं त्यांना सलग बोलता येत नव्हतं. थांबून थांबून म्हणाले, "मी सांगतलं असतं तं त्यानं लगेच केलं असतं. पण मंग गाडीत तुयं काय राह्यलं असतं? दमणी त्याले देल्ली, तुले नाई देल्ली, ते मले समजत नाई का? वाटलं, एवढं तं याचं राहू दे. हा सांगन, सगळे म्हणतीन मोठ्यानं केलं. दर रविवारी तुले गाडीपाशी नेत होतो मी. वाट पाहून राह्यलो होतो."

एवढं बोलून त्यांनी पाण्याचा पेला मागितला. मी तो दिला आणि दुकानात जाऊन बसलो. एक मोटार उघडी पडली होती. तिच्यात तार भरायला घेतली आणि वेढे मोजता येईनात. मी तीन रविवार माझा शब्द गिळत बसलो होतो, आणि बाबा तो शब्द यावा म्हणून स्वतःचा श्वास पणाला लावून बसले होते. ज्या हाताची मी सव्वीस वर्षं वाट पाहिली, तो हात दर रविवारी माझ्यासाठी दगडावर येऊन बसत होता, आणि मी काय म्हणालो? ते मोबाईलवाल्यांचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्ट कसायचे पाने घेऊन एकटाच वावरात गेलो. धुई उठून ऊन पडलं होतं. भाऊ वांगी तोडत होता, मला पाहून घाबरलाच. "बाबा बरे हायेत नं?" बरे आहेत म्हणालो आणि त्याला गाडीपाशी नेलं. बोल्ट काढले, चारही प्लेटांसकट फ्रेम दोघांनी उचलली, फिरवली, ठेवली, बोल्ट नुसते अडकवले. गाडी उत्तरेला तोंड करून लावली. बॅटऱ्या किती भरतात ते दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या काट्याकडं तो पाहतच राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "दादा, हे आपल्याले आधी काऊन नाई सुचलं?"

'आपल्याले' म्हणाला. त्या शब्दानं मला आत कुठंतरी ओढलं. त्याच्यावर चिडायला अजूनही मला काहीतरी हवं होतं, आणि तो ते देत नव्हता.

"मले सुचलं होतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

तो माझ्याकडं बघत राहिला. ओरडेल, पाना फेकून मारेल, असं वाटलं, आणि मारला असता तर मी खाल्ला असता. त्याच्या डोळ्यांत राग आला, मी पाहिला. पहिल्यांदा पाहिला.  मग त्यानं फ्रेमचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "कस."

तीन बोल्ट कसले. चौथ्यापाशी माझा हात थांबला. हा आवळला, की गाडी पुरती होते. गाडी पुरती झाली, की बाबांना देवळीला ठेवायला माझ्याकडं नुसती एक अट उरते. ती मी घातलेली होती आणि मलाच मोडायची होती. अट धरून बसलो तर ते राहिले असते. कुरकुर न करता, ती भिंत पाहत राहिले असते. खाली वाकलेल्या भावाच्या मानेवर ऊन पडलं होतं. मला त्याचा हेवा तेव्हाही वाटत होता, आज लिहितानाही वाटतो. पण बोल्ट मी कसला, आणि एक फेरा जास्तच कसला.

मग बांधावर बसून बायकोला फोन लावला. म्हटलं, बाबांची पिशवी भरून ठेव, दुपारी न्यायला येतो.

"मी मशीन आत्ताच धुऊन ठेवली," ती म्हणाली. "ती कुठं ठेवू?"

"पिशवीतच," मी म्हणालो.